‘हो’ कोण म्हणालं

१

गायकाचा सूर लागला नाही तर लोक समजून घेतात, घसा बसला असेल म्हणतात. ड्रमवाल्याची लय हलली तर नेमकं काय बिघडलं ते कुणालाच सांगता येत नाही, पण सगळं थिएटर खुर्च्यांमध्ये चुळबुळायला लागतं. म्हणून हितेंद्र परब शोच्या आधी फारसा बोलायचा नाही. चपला काढायच्या, पायात मोजे चढवायचे, दोन्ही तळव्यांना पावडर चोळायची, स्टूल डुगडुगत नाही ना ते बघायचं आणि मग काचेत शिरायचं, हा त्याचा क्रम. त्यात काही इकडचं तिकडे झालं तर त्याला चैन पडत नसे.

काच म्हणजे ड्रमच्या तिन्ही बाजूंना उभ्या केलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पाट्या. ड्रमचा आवाज गायिकेच्या माईकमध्ये शिरू नये म्हणून त्या लावतात. मागच्या बाजूला जाड काळा पडदा. आत बसलं की बाहेरचं सगळं दिसतं आणि ऐकू मात्र काहीच येत नाही. कानात घट्ट इअरफोन असतात, आणि त्यांतून जे पाठवलं जाईल तेवढंच जग.

त्या जगात स्वतःच्या ड्रमखेरीज दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे क्लिक. लॅपटॉपमधून येणारी कोरडी टिकटिक, जी फक्त ड्रमवाल्याला ऐकू जाते. मागच्या पडद्यावरची चित्रं, लाइट, रेकॉर्ड केलेली व्हायोलिनं, सगळं त्या टिकटिकीला बांधलेलं असतं. ड्रमवाला तिला धरतो आणि बाकीचे ड्रमवाल्याला धरतात. दुसरी गोष्ट म्हणजे स्वप्नीलचा आवाज. स्वप्नील सावंत हा की-बोर्ड वाजवायचा, लॅपटॉप सांभाळायचा, सगळा शो त्यानेच बसवलेला. प्रत्येक गाण्याच्या आधी त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज हितूच्या कानात यायचा. ‘एक’च्या जागी तो हाक मारायचा. “ये हितू, दोन, तीन, चार,” आणि पुढच्या ‘टिक’वर हितूचा ठोका.

त्या संध्याकाळी दादरच्या शोला पहिल्या गाण्याआधी आवाज आला, “ये हितू.”

“हो,” कुणीतरी म्हणालं.

“दोन, तीन, चार.”

ठोका टाकायचा तेवढा हितूने टाकला. सवयच होती. पण पूर्ण गाणंभर तो ओठ घट्ट मिटून बसला होता, कारण आपण तोंड उघडलं नव्हतं याची त्याला पक्की खात्री होती.

२

हितू आणि स्वप्नील काळाचौकीच्या एकाच चाळीतले. मिसरूड फुटायच्या आधीपासून दोघं बेंजो पार्टीत. गणपतीच्या मिरवणुकीत हातगाडीवर स्पीकर, जनरेटर, स्वप्नीलचा बेंजो आणि मागे हितूचा ड्रम. त्या गोंगाटात ऐकून वाजवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. हितू बघून वाजवायचा. स्वप्नील मान वळवून त्याच्याकडे बघायचा, हनुवटी खाली आणायचा, की पहिला ठोका. पुढे गर्दीने गाडी ढकलली, पोरं अंगावर आली, तरी लय तसूभर हलली नाही. क्लिक आली तेव्हा हितू नाराज झाला होता. यंत्राच्या तालावर काय वाजवायचं, म्हणाला होता. तेव्हा स्वप्नील त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “यंत्र कसलं मेल्या, मीच आहे की तुझ्या कानात.” आणि त्याने ती हाक स्वतःच्या आवाजात भरून दिली.

तर आता त्या कानात दुसरं कोण आलं होतं?

हितू अडाणी नव्हता. वायर वायरीला लागली की भलत्या चॅनेलचा आवाज भलतीकडे येतो हे त्याला ठाऊक होतं. त्याने साउंडवाल्या गौतमला गाठलं.

“दादा, तुमच्या कानात लॅपटॉप आणि तुमचे ड्रम, बास. माणसाचा एकही माईक दिलेला नाही तुम्हाला.”

मग स्वप्नीलला. लालबागच्या एका गल्लीत स्वप्नीलने गाळा भाड्याने घेऊन स्टुडिओ थाटला होता. आत फोम लावलेली ड्रमची खोली, बाहेर मशिनं, मधे एक जाड काचेची खिडकी. स्वप्नीलने कुरकुर न करता ती फाइल मोठ्या स्पीकरवर लावली. ये हितू. दोन. तीन. चार. हाक आणि ‘दोन’ यांच्या मधे नुसती शांतता.

“रेकॉर्ड करताना कोण होतं इथे?”

“कोण असणार? मी एकटा.” स्वप्नील हसला, पण त्याने फाइल जरा घाईनेच बंद केली. “कान तपासून घे रे. एवढी वर्षं बडवतोयस, वाजत असेल आत काहीतरी.”

हितूला ते पटलं. निदान पटवून घेतलं. डॉक्टरने कान बघितले आणि वयाच्या मानाने उत्तम आहेत म्हणून सांगितलं. ही बातमी ऐकून कुणाला एवढं वाईट वाटलं नसेल.

३

पुढच्या शोंना तो आवाज जवळ येत गेला. आधी आतल्या खोलीतून कुणी ओ द्यावी तसा होता. मग दारातून आल्यासारखा. नंतर नंतर त्यात श्वास ऐकू यायला लागला. आवाज पुरुषाचा, शांत, आज्ञाधारक. हाक मारली की लगेच ओ. हितू स्वतः इतक्या गोडीने कधी कुणाला ‘हो’ म्हणाला नव्हता. “काय आहे?” हे त्याचं उत्तर, मग समोर बायको असो की चाळीचा सेक्रेटरी.

आणि याच दिवसांत त्याचं कौतुक सुरू झालं. गायिका संघमित्रा कधी कुणाला चांगलं म्हणायची नाही, तीसुद्धा विंगेत थांबून म्हणाली, “हितूदादा, हल्ली काय वाजवताय! मला मागे वळून बघावंच लागत नाही.” हितूला बरं वाटायला हवं होतं. पण त्याच्या हाताला काही वेगळंच जाणवत होतं. कानात येणारा ड्रमचा आवाज त्याच्या काठीच्या किंचित आधी येत होता. काठी खाली येतेय, अजून चामड्याला टेकायची आहे, आणि आवाज होऊन गेलेला. उंबरठ्यावर पाऊल ठेवावं आणि तो आहे त्यापेक्षा खाली निघावा, तसं त्याला व्हायचं, प्रत्येक ठोक्याला.

वरळीच्या शोला त्याने ठरवून एक गोष्ट केली. मध्यंतराआधीच्या गाण्यात, कडवं संपताना, त्याची एक जोरदार सरबत्ती होती, डावीकडून उजवीकडे सगळे ड्रम घेत जाणारी. लोक दरवेळी तिथे टाळ्या द्यायचे. ती जागा आली आणि हितूने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

सरबत्ती झाली. एकेक ठोका मोत्यासारखा. काचेपलीकडे लोक टाळ्या वाजवताना दिसले. संघमित्राने मागे न बघता हात वर करून त्याला दाद दिली.

हितूने समोर स्वप्नीलकडे बघितलं. स्वप्नील लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता, आणि डोकं वर काढत नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळीच हितू लालबागला पोचला. भांडायची गरजच पडली नाही. त्याचा चेहरा बघून स्वप्नीलने खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः उभा राहिला.

“तुझे माईक बंद असतात,” तो म्हणाला. “संक्रांतीपासून. ड्रम लॅपटॉपवरून जातो.”

“तुझी लय पळायला लागली होती, हितू. क्लिक कानात असून पळायची. संघमित्रा रडली एकदा विंगेत. आयोजक म्हणाले, दुसरा पोरगा घ्या. मी म्हटलं, नाही. हितू बसणार तिथे. तुझी जागा राखली रे मी.”

“कुणाकुणाला माहीत आहे?”

स्वप्नीलने खाली बघितलं. “सगळ्यांना. गौतमला सांगावंच लागलं. वहिनींना पण... त्या म्हणाल्या, नका सांगू त्यांना, जीव जाईल.”

हितूला आधी लाज वाटली, घामेजून जाण्याइतकी. एवढे महिने तो काचेत बसून वेड्यासारखे हात हलवत होता, आणि बाहेर सगळे त्याची समजूत काढत टाळ्या देत होते. मग लाज ओसरली आणि उरलं ते फार वाईट होतं. चार लोकांनी चेष्टा केली असती तर चाललं असतं. पण हा स्वप्नील होता. हातगाडीवर ज्याच्या हनुवटीकडे बघून हितू भरवसा ठेवायला शिकला, तो.

“म्हणजे माझंच जुनं वाजवणं लावतोस.”

“जुनं नाही. जुन्यात पण लय हललेलीच होती. डिसेंबरमधलं लावतो.”

“डिसेंबरमधलं कुठलं?”

“असं काय करतोस? आलास की तू. दुपारी, एकटाच. आत जाऊन बसलास आणि सगळा शो एका बैठकीत वाजवलास. एक चूक नाही. मी फाइल लावायचो, ‘ये हितू’ आलं की तू ‘हो’ म्हणायचास. प्रत्येक गाण्याला! मला हसू यायचं. नंतर बसून मी ते सगळे ‘हो’ कापले. म्हणून तर तू विचारायला आलास तेव्हा टरकलो मी, वाटलं एखादा राहिला.”

गाळ्यात पंखा फिरत होता. खिडकीच्या पलीकडे ड्रमची खोली अंधारात होती. हितू तिकडे न बघता म्हणाला, “डिसेंबरभर मी गावाला होतो. घराचं छप्पर करून घ्यायला. तूच एसटीत बसवून दिलंस मला.”

खरी गंमत इथे होती. स्वप्नीलला धक्का बसला नाही. चेहऱ्यावर आला तो कंटाळा, लपवलेली वस्तू अखेर सापडल्यावर येतो तसा.

“तू ओळखलं होतंस,” हितू म्हणाला.

“तसं नाही रे.”

“मग कसं?”

“एवढ्या वर्षांत तू माझ्याकडे बघितल्याशिवाय पहिला ठोका टाकला नाहीस. त्या दिवशी एकदाही बघितलं नाहीस. काचेतून मी हात केला, तरी नाही.” स्वप्नीलने जीभ ओठांवरून फिरवली. “म्हटलं, बरं नसेल. विचारावंसं वाटलं. पण वाजवत होतास रे! काय वाजवत होतास! मधे थांबवून विचारलं असतं तर...”

त्याने वाक्य पुरं केलं नाही. हितूला ते पुरं ऐकायची गरजही नव्हती.

५

काळाचौकीला घरी त्याची बायको दर्शना तांदूळ निवडत बसली होती. हितूने माईकचं विचारलं तेव्हा तिने ताट बाजूला ठेवलं.

“तुम्हाला सांगून काय केलं असतं तुम्ही? घरी बसला असता. आणि घरी बसल्यावर तुम्ही कसे असता ते मला माहीत आहे.”

हे काही खोटं नव्हतं. पण खरं आहे म्हणून कमी लागलं असंही नाही. या बाईने रोज शोवरून आल्यावर “कसं झालं?” म्हणून विचारलं होतं आणि त्याने रंगवून सांगितलेलं सगळं मान डोलावत ऐकलं होतं.

“डिसेंबरात मी गावाला होतो ना?” त्याने विचारलं. प्रश्न मूर्खासारखा होता, पण सध्या त्याला कुणाकडून तरी हे ऐकायचं होतं.

“होतात की.”

त्याने श्वास सोडला.

“मधे एक दिवस येऊन गेलात तेवढंच,” दर्शना म्हणाली. “सकाळी आलात, जेवलात, लालबागला काम आहे म्हणून गेलात. तिथूनच परत गाडी धरणार होतात.”

“मी काय बोललो तुझ्याशी?”

ती जरा लाजली. इतक्या वर्षांच्या संसारात हितूने तिला असं लाजताना क्वचित बघितलं होतं.

“काही नाही. मी बोलत होते, तुम्ही ‘हो, हो’ करत होतात. भाजीला नावं ठेवली नाहीत. बशी उचलून मोरीत ठेवलीत.” मग ती हळूच म्हणाली, “किती दिवसांनी धड वागलात.”

हितू मोरीकडे बघत राहिला. तिथे नळाखाली बादली भरत होती. आपलं डोकं फिरलंय असं धरलं तर सगळं सुटत होतं. तो खरंच एक दिवस आला असेल आणि विसरला असेल. माणसं विसरतात. पण गावच्या घराच्या कौलांवर तो महिनाभर चढत होता, तळहाताचे घट्टे अजून होते, आणि एक दिवस कुठून काढायचा ते त्याला सापडत नव्हतं.

६

दादरचा पुढचा शो मोठा होता. हितू दुपारीच गेला आणि स्वप्नीलला बाजूला घेतलं.

“एक गाणं. पहिलं. माझे माईक उघडायचे, लॅपटॉपचा ड्रम बंद, क्लिक बंद. मी तुझ्याकडे बघून वाजवणार. नीट झालं तर मी बसणार त्या स्टुलावर. पळालो तर मीच उठून जातो, कुणाला काढायला लागणार नाही.”

“आणि पडद्यावरची चित्रं?”

“चुलीत गेली चित्रं. एवढं देणं लागतोस तू माझं.”

स्वप्नीलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने हितूचे दोन्ही खांदे धरले. “देवाशपथ, हितू. एक गाणं तुझं.” त्याच्यासमोरच त्याने गौतमला सांगितलं, लॅपटॉपवरचा ड्रमचा ट्रॅक बंद करून दाखवला. हितूने एकेक ड्रम वाजवला. रिकाम्या थिएटरात तो खणखणीत घुमला. कित्येक महिन्यांनी हितूला आपला ठोका बाहेरून परत येताना ऐकू आला आणि त्याला भरून आलं. त्याने घरी फोन केला. “आज ये. आज मी वाजवणार आहे.”

“रोजच वाजवता,” दर्शना म्हणाली. आणि मग, “येते.”

पडदा वर गेला. हितू काचेत बसला. कानात काहीच नव्हतं, टिकटिक नव्हती, हाक नव्हती. त्याने काठ्या उचलल्या आणि समोर बघितलं.

स्वप्नीलने मान वळवली. लाइटमध्ये त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तो हसत होता, हातगाडीवर हसायचा तसा, भरभरून. पण त्याची नजर हितूच्या डोळ्यांत नव्हती. ती थोडी वर होती, हितूच्या खांद्यावरून पलीकडे.

“इकडे बघ,” हितू काचेतच पुटपुटला. “स्वप्या, इकडे.”

स्वप्नीलचे ओठ हलले. काचेतून आवाज आला नाही, पण ते दोन शब्द हितूला ओठांवरून वाचता येत होते.

“हो,” मागून उत्तर आलं. इअरफोनमधून नाही. काळ्या पडद्याच्या अलीकडून, मानेच्या अगदी जवळून, कोमट.

स्वप्नीलची हनुवटी खाली आली आणि गाणं सुरू झालं. ड्रमचा ठोका बरोबर पहिल्या मात्रेवर पडला. हितूचे हात अजून वरच होते. समोरच्या काचेत लाइटमुळे त्यांचं पुसट प्रतिबिंब पडलं होतं, दोन उचललेले हात, दोन काठ्या. त्यांच्या खाली, ड्रमच्या उंचीवर, आणखी दोन हात होते. ते वाजवत होते. घाई नाही, जोर नाही, लय जागच्या जागी.

हितूने मागे वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं असं त्याला वाटलं, पण मान वळेना. तो स्टुलावरून एका बाजूला सरकत उतरला, पाटी आणि पडदा यांच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडला. स्टूल रिकामं झालं असेल असं त्याला वाटलं नाही.

७

विंगेत गौतमचा माणूस उभा होता. हितू त्याच्या अंगावरून गेला, तो बघतसुद्धा नव्हता. पॅसेजमध्ये चहाचे कप ठेवलेले होते. हितूच्या पायात मोजेच होते आणि फरशी गार होती. बाजूच्या दाराने तो प्रेक्षागृहात शिरला.

आवाज बाहेरून ऐकला आणि त्याला कळलं, लोक का टाळ्या देत होते. लय अशी होती की माणसाने तिच्यावर पाठ टेकून निवांत बसावं. पुढच्या रांगेतले म्हातारे मांडीवर बोटं आपटत होते. कुणी चुळबुळत नव्हतं.

दर्शना रांगेच्या कडेला बसली होती, मुलीच्या बारशाला हिंदमाताच्या कापडबाजारातून घेतलेली साडी नेसून. तिचा चेहरा स्टेजकडे होता आणि त्यावर हितूने कधी न बघितलेला एक अभिमान होता. तो तिच्या खुर्चीपाशी गेला. वाकून उभा राहिला. इथे तरी काही बोलावं लागणार नाही असं त्याला वाटलं होतं. ती वर बघेल, दचकेल, मग स्टेजकडे बघेल, आणि तिला कळेल. निदान एका माणसाला कळेल.

“दर्शना,” तो म्हणाला.

तिने एकदा त्याच्याकडे बघितलं. अंधारात मधे येऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघतात तसं, सभ्यपणे, थोडं त्रासून. मग मान तिरकी करून त्याच्या बाजूने पलीकडे बघायला लागली.

“जरा सरकता का, प्लीज?” ती कुजबुजली. “आमचे मिस्टर वाजवतायत. दिसत नाहीयेत मला.”

हितेंद्र बाजूला झाला.